लेकीच्या गोष्टीतलं भूत

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बारावीला आहे. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं, पण अलीकडे भयकथांशिवाय ती दुसरं काही हातात घेत नाही. वाचनालयातले धारप-मतकरी वाचून झाले, आता मोबाइलवर परदेशी सिनेमे, त्यातही अंगात सैतान शिरलेल्या मुलींचे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिने एक कथा लिहिली आहे. ताईंनी ती तिच्या वहीत, तिला न विचारता वाचली. कथेत नव्या सुनेला त्याच घरात वारलेल्या आजेसासूचं भूत धरतं. सून रात्री-अपरात्री उठून घोगऱ्या आवाजात बोलायला लागते. शेवटी मांत्रिक येतो, मिरच्यांची धुरी देतो, भूत निघून जातं आणि सून पहाटे उठून सगळ्यांचा चहा ठेवते. भुताच्या तोंडी एक वाक्य आहे: “या घरात आल्यापासून मी गरम पोळी खाल्लेली नाही.” हे वाक्य ताईंनी स्वतः एकदा फोनवर बहिणीला म्हटलं होतं. मुलगी तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती.

मराठीच्या सरांना कथा आवडली आहे, ते ती अंकात घेणार आहेत. ताईंच्या सासूबाई अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. यजमानांचं म्हणणं, असलं वाचून डोकं बिघडतं, सगळं बंद कर. ताई विचारतात: मुलीच्या मनात काही बिघाड तर नाही ना? कथा छापू द्यावी का? आणि वही वाचली हे तिला सांगावं का?

ताई,

तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारलेत त्या क्रमाने मी घेत नाही. मुलीच्या मनाबद्दल नीट बोलूच, पण त्याआधी झपाटल्याच्या गोष्टी मुळात कशाबद्दल असतात ते पाहायला हवं. तुमच्या आणि तुमच्या यजमानांच्या काळजीच्या तळाशी एक समजूत आहे: ज्या मुलीला भुतं सुचतात, तिच्या आत काहीतरी वाईट साचलेलं असणार. ही समजूत आपण आधी तपासून घेऊ.

तुमची मुलगी जे सिनेमे बघते, त्यांतले बहुतेक एकाच कादंबरीचे वंशज आहेत. विल्यम पीटर ब्लॅटी या अमेरिकन लेखकाची ‘द एक्झॉर्सिस्ट’ १९७१ साली आली आणि तिच्यावरचा विल्यम फ्रीडकिनचा सिनेमा १९७३ च्या डिसेंबरात. १९४९ मध्ये मेरीलँडमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचं भूत उतरवल्याची बातमी ब्लॅटीने विद्यार्थी असताना वर्तमानपत्रात वाचली होती, तिच्यातून ही कादंबरी निघाली. लिहिताना त्याने मुलाच्या जागी मुलगी आणली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात आईबरोबर राहणारी, वयात येऊ घातलेली रेगन. आई सिनेनटी आहे, वडील वेगळे झालेले आहेत.

लोकांना त्या सिनेमातली गर्रकन फिरणारी मान आठवते. मला मात्र त्याच्या बऱ्याच आधीचा एक साधा प्रसंग आठवतो. रेगनचा वाढदिवस आहे. वडील रोममध्ये आहेत आणि त्यांनी पोरीला साधा फोनही केलेला नाही. आई त्यांना गाठण्यासाठी फोनच्या ऑपरेटरवर ओरडते आहे, नवऱ्याच्या नावाने संतापते आहे, आणि मुलगी पलीकडून सगळं ऐकते आहे. ती काहीच बोलत नाही. आईला विचारत नाही, रडत नाही, रुसतही नाही. पुढे तिच्या तोंडून जे बाहेर पडतं ते भयानक, शिवराळ, ऐकवत नाही असं आहे. पण तिला गप्प बसताना आपण आधी पाहिलेलं असतं. तुमच्या पत्रातला फोनचा तपशील वाचला तेव्हा मला हाच प्रसंग आठवला. घरातली मोठी माणसं समजतात, दार लोटलेलं आहे, पोर अभ्यासात आहे. पोर ऐकत असतं.

याच कथेत कॅरस नावाचा एक तरुण धर्मगुरू आहे. तो मानसोपचारतज्ज्ञही आहे. त्याची गरीब आई न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते आणि एकटीच मरते. आपण तिला टाकलं, हे त्याला आतून खात असतं. तो रेगनच्या पलंगाजवळ येतो तेव्हा सैतान त्याच्याशी त्याच्या आईच्या आवाजात बोलतो, “तू माझ्याशी असं का वागलास” म्हणून. म्हणजे या सैतानाकडे स्वतःचं असं नवं काही नाही. समोरच्या माणसाने जे स्वतःपासूनही झाकून ठेवलेलं असतं, ते तो मोठ्याने बोलून दाखवतो. कादंबरीतला वयस्क धर्मगुरू मेरिन हे कॅरसला समजावून सांगतो: सैतानाचं लक्ष्य ही मुलगी नाहीच. लक्ष्य आपण आहोत, पलंगाभोवती उभे असलेले. आपण स्वतःला पशू समजावं, आपल्यावर कुणी प्रेम करू शकेल यावरचा आपला विश्वास उडावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

भयसाहित्यातला हा विचार मला फार मोलाचा वाटतो. भूत एकाला धरतं, पण परीक्षा बाकीच्यांची असते. गोष्ट चांगली की वाईट, हे भूत किती भीषण आहे यावर ठरत नाही. भूत बोलल्यावर भोवतालची माणसं काय करतात, यावर ठरतं.

‘द एक्झॉर्सिस्ट’हून पन्नास वर्षं जुनं एक नाटक आहे, यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, ‘द डिबुक’. डिबुक म्हणजे जिवंत माणसाला धरणारा मेलेल्याचा आत्मा. त्याचा लेखक अॅन-स्की १९१२ ते १९१४ या काळात आजच्या युक्रेनमधल्या खेड्यांतून, ज्यू वस्त्यांतून लोककथा, गाणी, चालीरीती गोळा करत हिंडला. नाटक वॉर्सात १९२० च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं, तेव्हा लेखकाला जाऊन महिना झाला होता. गोष्ट अशी: दोन मित्र एकमेकांना वचन देतात, आपल्याला मुलगा-मुलगी झाली तर त्यांचं लग्न लावायचं. एक मित्र मरतो. दुसरा श्रीमंत होतो, वचन विसरतो आणि मुलीसाठी पैसेवाला मुलगा शोधतो. मेलेल्या मित्राचा गरीब, विद्वान मुलगा तिच्यावर जीव टाकून बसलेला असतो. तिचं लग्न ठरल्याचं कळताच तो प्राण सोडतो. लग्नाच्या मांडवात नवरी लेआ तोंड उघडते आणि आवाज येतो त्या मेलेल्या मुलाचा.

इथपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही झपाटल्याच्या गोष्टीसारखंच आहे. पुढे मात्र वेगळं घडतं. भूत काढायला आणलेले धर्मगुरू थेट झाडफूक करून मोकळे होत नाहीत. ते न्यायसभा भरवतात. मेलेल्या मित्राच्या आत्म्याला साक्षीला बोलावतात, त्याची तक्रार ऐकतात आणि मुलीच्या बापाला दोषी धरतात. अर्धी संपत्ती गोरगरिबांना वाटून टाक, असा निवाडा देतात. भुताची बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला जा म्हणायचं नाही, असा त्या माणसांचा रिवाज. नाटकाचा शेवट सुखाचा नाही, न्याय अपुराच पडतो आणि लेआ त्या मुलापाठोपाठ निघून जाते. पण खटला चालतो, बापाला उत्तर द्यावं लागतं.

हे फक्त कथा-नाटकांत घडतं असंही समजू नका. ‘द एक्झॉर्सिस्ट’ आली त्याच १९७१ साली आय. एम. लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचं या विषयावरचं पुस्तक आलं. सोमालियात त्यांनी पाहिलं की लग्न झालेल्या बायकांना ‘सार’ नावाची भुतं धरतात. ही भुतं नवऱ्याकडे काय मागतात? चांगलं लुगडं-कपडा, अत्तर, आणि चांगलंचुंगलं खायला. बाईने स्वतः मागितलं असतं तर हावरी ठरली असती. भुताने मागितलं की नवऱ्याला आणून द्यावं लागतं. लुईस यांनी याला आडवळणाची तक्रार मानलं: जिला समोरासमोर भांडायची सोय नाही, तिची. मलेशियात १९७० च्या दशकात परदेशी कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या मुली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काम करायच्या. त्यांना तिथे भुतं दिसू लागली, मुली किंचाळायच्या, पडायच्या. कारखानदारांनी मांत्रिक बोलावले, बळी दिले. कामाचा रेटा होता तसाच राहिला. ऐवा ओंग या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी याचा सविस्तर अभ्यास केला आहे.

आणि आपल्याकडे? नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकताना तुम्ही पाहिलं असेल. धुपाचा धूर, एका लयीत चाललेलं ते फुंकणं, आणि मग एखादीच्या अंगात येतं. एरवी त्या बाईला पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे हेही कुणी विचारत नाही. त्या रात्री घरातले कर्ते पुरुष तिच्यापुढे वाकतात, नोकरीचं, लग्नाचं, जमिनीचं विचारतात, आणि ती खडसावते ते मान खाली घालून ऐकतात. देवी आली तर ओटी भरायची, भूत आलं तर झोडपायचं. तोंड त्याच बाईचं असतं. तिच्यातून कोण बोलतंय हे मात्र भोवतालचे ठरवतात, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता तुमच्या मुलीच्या गोष्टीकडे येते.

तुम्ही पत्रात भूत कुणाचं आहे हे एका ओळीत सांगून पुढे गेलात आणि पोळीच्या वाक्यापाशी अडकलात. अडकणं साहजिक आहे. आपलं बोलणं आपल्याच पोरीच्या अक्षरात वाचायला मिळालं तर कुणाचंही काळीज हलेल. पण मला त्या एका ओळीपाशी थांबावंसं वाटलं. सुनेला धरणारं भूत पिंपळावरचं नाही, विहिरीतलं नाही, बाहेरून आलेलं कुणी नाही. ती आजेसासू आहे. म्हणजे कधीकाळी त्याच घरात सून म्हणून आलेली, त्याच चुलीपुढे बसलेली बाई. ती सासू होण्याआधी सून होती, आणि तिच्या सासूनेही बहुतेक सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेलं गार खाल्लं होतं.

सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं आहे, ताई. तुम्ही जे वाक्य सासूबाईंबद्दलची तक्रार म्हणून बोललात, ते तिने सासूच्याही सासूच्या तोंडी घातलं. तुमची तक्रार तिने चोरली असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तिने ती तुमच्या एकटीची राहू दिली नाही. या कथेत सासूबाईंवर आरोप आहे असं तुम्ही गृहीत धरलंय, पण गोष्ट नीट वाचली तर सासूबाईही त्यात फिर्यादी ठरतात. तुमच्या डोक्यात चाललेल्या भांडणात दोनच बायका होत्या. तिच्या गोष्टीत पिढ्या आहेत.

म्हणून यजमानांचं ‘डोकं बिघडतं’ मला मान्य नाही. झपाटलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. लिहिणाऱ्याच्या हातात सगळं असतं: भूत कधी येणार, कुणाच्या तोंडून बोलणार, काय बोलणार, कधी जाणार. घरात ऐकलेलं एक जड वाक्य तिने मनात नुसतं सडत ठेवलं नाही, त्याची गोष्ट केली. ते मन धडधाकट असल्याचंच लक्षण आहे.

तरीही तुमचा प्रश्न मी उडवून लावत नाही. भयकथा आवडणं आणि मन आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच घरात दोन्ही असू शकतात. तेव्हा ती काय वाचते याच्यापेक्षा ती कशी राहते ते बघा. झोप लागते का, की सिनेमा बघून सलग रात्री जागी असते? जेवण तुटलंय का? मैत्रिणींशी बोलणं, हसणं, भांडणं चालू आहे का? आपल्याला आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्याला काही करायला सांगतंय, असं ती गोष्टीबाहेर, स्वतःबद्दल बोलते का? स्वतःला इजा करण्याबद्दल, मरण्याबद्दल बोलते का? भान हरपणं, झटके, हातापायांच्या विचित्र हालचाली, थोड्याच दिवसांत पूर्ण पालटलेलं वागणं असं काही आहे का? यातलं काही असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. मानसिक कारणंच असतात असंही नाही. २००७ साली डॉक्टरांनी मेंदूच्या एका विकाराचं वर्णन केलं, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या पेशींवरच उलटते. तो तरुण मुलींमध्ये बऱ्यापैकी आढळतो. चांगली शिकणारी पोर अचानक भलतंसलतं बोलायला लागते, तिला भास होतात, झटके येतात. वेळेत ओळखलं तर बहुतेक रुग्ण सुधारतात. जुन्या काळी अशा किती मुलींना ‘लागिर झालं’ म्हणून धुरी दिली असेल, कोण जाणे. बोलायचं कुणाशी हे कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. हे तुमच्यासाठी आहे तसंच हे सदर वाचणाऱ्या, मुलांच्या वागण्याने धास्तावलेल्या इतर आईवडिलांसाठीही आहे.

तुम्ही लिहिलेल्या तपशिलांत मला यातलं काही दिसलं नाही. मुलगी अभ्यास करते, सरांना कथा दाखवते, मैत्रिणींना वाचून दाखवते असं तुम्हीच लिहिलंय.

कथेतल्या एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे, आणि तो तुम्ही पत्रात मांडलेला नाही. शेवट. मिरच्यांची धुरी दिली, भूत गेलं, सून शहाणी झाली. इथे मला भीती वाटते.

कारण हे खरोखर घडलेलं आहे. जर्मनीत बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्ग गावची अॅनेलीज मिशेल ही फेफऱ्याचा आजार असलेली मुलगी. तिच्यात सैतान आहेत असं तिच्या घरच्यांनी आणि धर्मगुरूंनी मानलं, ती स्वतःही मानू लागली. बिशपच्या परवानगीने १९७५ च्या सप्टेंबरपासून तिचं भूत उतरवण्याचे ६७ विधी झाले. औषधोपचार सुटले, तिने खाणं सोडलं. १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने मेली. वय २३, वजन जेमतेम तीस किलो. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन धर्मगुरू अशा चौघांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवलं. त्या घरातली माणसं क्रूर नव्हती. त्यांचं मुलीवर प्रेम होतं. ते सैतानाशी बोलत राहिले आणि मुलगी त्यांच्यासमोर वाळत गेली.

आपल्याकडे हे थांबावं म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: दोराने, साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. तुमच्या मुलीच्या कथेतला मांत्रिक जे करतो तो गुन्हा आहे, आणि कथा त्याला यश देते. वाचणाऱ्या एखाद्याच्या घरात आत्ता कुणी आजारी मुलगी असेल तर?

हे तिला सांगा. पण ‘हे असलं लिहू नये’ अशा सुरात नको, एका वाचकाने लेखिकेला विचारावं तसं विचारा. ‘द एक्झॉर्सिस्ट’सारखी कादंबरीसुद्धा मुलीला आधी डॉक्टरांकडे नेते. देवावर विश्वास नसलेली ती आई एकामागून एक तपासण्या करून घेते, आणि सिनेमातली ती मेंदूच्या तपासणीची दृश्यं अनेकांना सैतानापेक्षा जास्त अंगावर येतात. तिला विचारा: तुझ्या गोष्टीतल्या सुनेला कुणी डॉक्टरांकडे का नाही नेलं? धुरीने तिला किती त्रास झाला ते तू का नाही लिहिलंस? आणि मुख्य म्हणजे, भूत गेल्यावर त्या घरात काय बदललं? सून पहाटे उठून सगळ्यांचा चहा ठेवते. मग आजेसासू जे सांगायला एवढी धडपडत आली होती, ते कुणी ऐकलं? मला वाटतं, हा प्रश्न तिला आवडेल. कदाचित ती म्हणेल, ‘आई, तेच तर दाखवायचंय, कुणीच ऐकलं नाही.’ तसं असेल तर तिला तेवढंच जरा धारदार करायला सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला तो मांत्रिक तारणहार वाटणार नाही.

छापण्याबद्दल. तुमच्यापुढे मला चार वाटा दिसतात. कथा मागे घ्यायला लावणं ही सगळ्यात वाईट. त्यातून तिला एवढंच कळेल की या घरात काही गोष्टी भुताच्या तोंडूनही बोलायच्या नाहीत. टोपणनाव ही दुसरी, पण तालुक्याच्या गावात टोपणनाव दोन दिवस टिकतं, आणि तिला आपण काही लाजिरवाणं केलं असं वाटत राहील. घर ओळखू येईल असे तपशील बदलणं ही तिसरी वाट. वाड्याची रचना, दारचं झाड, नातेवाइकांची लकब हे सगळं कुठलाही लेखक बदलतोच, त्यात कमीपणा नाही. चौथी म्हणजे आहे तशी छापणं.

मी तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. एक अपवाद सोडून: पोळीचं वाक्य. ते वाक्य तुमचं आहे, तुम्ही बहिणीला विश्वासाने सांगितलेलं. त्यावर तुमचा हक्क आहे. ते ठेवायचं की नाही, हे तुम्ही तिला सांगू शकता आणि तिने ते मानायला हवं. लिहिणाऱ्यांनी हे लहान वयातच शिकलेलं बरं. माझं मत विचाराल तर राहू द्या. ते वाक्य काढलं तर कथेत आरडाओरडा उरेल, दुःख उरणार नाही. पण निर्णय तुमचा आहे आणि तो भीतीपोटी घेऊ नका, एवढंच.

यजमानांच्या ‘सगळं बंद कर’ला माझा विरोध आहे. मोबाइल काढून घेतला तर ती मैत्रिणीच्या मोबाइलवर बघेल, आणि तुमच्याशी त्यावर बोलणं मात्र कायमचं थांबेल. वेळेचं बंधन घाला, रात्री अकरानंतर नको म्हणा, परीक्षेच्या महिन्यात नको म्हणा, हे आईबापांनी सांगायलाच हवं. पण एखादा सिनेमा तिच्याबरोबर बसून बघा. यजमानांनाही बसवा. बघून झाल्यावर ‘कसा होता’ असं विचारू नका, त्यावर मुलं ‘भारी’ म्हणून मोकळी होतात. विचारा, ‘त्या मुलीला नक्की काय सांगायचं होतं?’

वहीबद्दल: सांगा. आजच सांगा. चहाच्या वेळी, सहज, इतर कुणी नसताना. मी तुझी वही तुला न विचारता उघडली, ते माझं चुकलं, असं एवढंच. ‘पण मला काळजी वाटली म्हणून’ हे शेपूट जोडू नका. ती चिडेल, चिडू द्या. त्यानंतर फोनवरचं वाक्य तुम्ही ओळखलंत हेही सांगा, नाहीतर दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसाल. ती विचारेल, ‘मग आई, तू कधी बोलली का नाहीस?’ याचं उत्तर तुमच्याकडे आत्ता नसेल तर ‘मलाही माहीत नाही’ म्हणा. आणि जमलं तर जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं, पोळ्या आधी करून ठेवायच्या किंवा आळीपाळीने लाटायच्या, याबद्दल यजमानांशी एकदा सरळ बोला. भुतामार्फत नको. ही मागणी तुम्ही मोठ्याने केलीत तर मुलीला तुमच्याबद्दल जे कळेल ते कुठल्याही उपदेशातून कळणार नाही.

राहिल्या सासूबाई. अंक घरी येऊन त्यांच्या हातात पडेपर्यंत थांबू नका, छापलेलं वाचून कळणं वेगळं आणि आधी विश्वासात घेणं वेगळं. मुलीनेच त्यांना कथा वाचून दाखवावी, नातीने आजीला वाचून दाखवावी तशी. वाचून झाल्यावर तिने आजीला विचारावं की तुम्ही या घरात आलात तेव्हा कसं होतं, तुमच्या सासूबाई कशा होत्या. तुम्ही तेव्हा शक्यतो तिथे बसू नका, तुमच्यासमोर त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्या मोकळ्या होतील की रागावतील, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. रागावल्या तर दोन दिवस जाऊ द्या आणि कशाने दुखावल्या ते मुलीलाच पुन्हा विचारू द्या. त्यांनी सांगितलेलं काही कथेत यायला हवं असं तिला वाटलं, तर सरांकडून आठवडाभराची मुदत मागून घ्यावी.